दोघींच्या नावानं

कवठे महांकाळ
गुरुवार, २० फेब्रुवारी २०२५

सपने,

फाडू नकोस. आधी वाच, मग फाड न्हाईतर चुलीत घाल. माझा नंबर तू ब्लॉक केलास, आईचा केलास. तुझ्या दाजींच्या फोनवरनं मेसेज टाकला, त्याच्या टिका निळ्या हुईनात. तुझे अमृतराव लांब ड्युटीवर, त्यांचा फोन लागत न्हाई. मग दुसरं काय करू? पोस्टात जाऊन पाकीट आणलं.

भांडण मिटवायला लिवत न्हाई. रविवारी तुझ्या डोहाळजेवणात झालं ते झालं. तुझ्या लग्नापासनं आबा तुझं तोंड बघत न्हाईत, तरी आईनं त्यांना चोरून तुझ्या बाळासाठी घोंगडं आणलं, तुझ्या सासूबाईंनी ते "वास येतोय" म्हणून पायरीवर ठिवलं, आणि तू हिरव्या साडीत बसून नुसती बघत राहिलीस. मी बोलले. चारचौघीत बोलले. "आमाला तू मेलीस" हे पण बोलले. तू काय कमी बोललीस का? "मेंढरामागं जा" म्हणालीस मला. सख्ख्या बहिणीला! जाऊ दे. तो हिशेब नंतर करू.

मुद्द्याचं ऐक. माझ्या शिवतेजला कांजिण्या आल्यात.

मंगळवारी आंघोळ घालताना पाठीवर पाण्याचे थेंब दिसले, पुसले तर पुसंनात. दुपारपर्यंत पोट, मान, डोक्याच्या केसांत सगळीकडं. आता तू म्हणशील, पोरांना येतात कांजिण्या, मला कशाला सांगतीस? आठव जरा. रविवारी त्याला तुझ्या मांडीवर कुणी बसवला? तुझ्याच सासूबाईंनी. पहिलटकरणीच्या मांडीवर मुलगा बसवला की मुलगा होतो म्हणून. मी म्हणत होते, पोरगं किरकिरं झालंय, राहू द्या. त्यांनी ऐकलं न्हाई. त्यानं तुला पेढा भरवला, उरलेला स्वतः खाल्ला, तुझ्या गालाला गाल लावून फोटो काढला. मला तवा लय बरं वाटलं होतं. तुझ्या लग्नानंतर चार वर्षांनी माझं लेकरू तुझ्या मांडीवर होतं.

काल ताप उतरेना म्हणून त्याला सांगलीला नेला, विश्रामबागच्या डॉक्टरीणबाईंकडं. त्या म्हणाल्या, "याचं घाबरू नका. बहुतेक मुलं आठवडा-दीड आठवड्यात बरी होतात. नखं कापा, खाजवू देऊ नका, फोड पिकले तर आणा." मी उठले. तवा त्यांनी विचारलं, "घरात कुणी गरोदर आहे का?" मी म्हणाले, न्हाई. दारापर्यंत गेले आणि तू आठवलीस. तशीच माघारी फिरले.

त्या काय म्हणाल्या ते जसंच्या तसं लिवते. फोड दिसायच्या आधी दोन दिवस पण पोरगं दुसऱ्याला देतं. गरोदर बाईला लहानपणी येऊन गेल्या असतील तर काही भीती न्हाई. नसतील आल्या तर तिच्या छातीत उतरू शकतात, न्यूमोनिया होतो. आणि बाळंतपणाच्या तोंडावर उठल्या तर बाळाच्या जिवावर बेततं. येऊन गेल्यात का न्हाई ते रक्त तपासून कळतं. नसतील तर संपर्क झाल्यापासून दहा दिवसांच्या आत एक इंजेक्शन देतात. जितकं लवकर तितकं बरं, दहा दिवसांनंतर त्याचा उपयोग न्हाई. रविवारपासून मोज.

आई म्हणती, काय गरज न्हाई, तुमा दोघींना एकदमच आल्या होत्या. मी दुसरीत, तू चार वर्षांची. कांजिण्यांच्या देवीला वाटंला लावायला दोघींच्या नावानं पाणी घातलं, दहीभात ठिवला, खणाची ओटी भरली. मला पण पाटावर बसल्याचं आठवतंय, शेजारी तू होतीस. पण सपने, माझ्या कपाळावर वण हाय, दंडावर तीन हायत. तुला मी न्हाऊ घातलंय, तुझी वेणी घातलीय. तुझ्या अंगावर एक वण न्हाई.

हे पत्र आईला चोरून लिवतेय. घरात बाई आल्यात, देवी ती, तवर कागद भाईर जाऊ नये म्हणती. गरवार बाईच्या कानावर तर नावच घालू नये, नावाबरोबर ती पण जाते. मी म्हणलं, आई, ती रविवारीच गेलीय.

रक्त तपास. उद्याच्या उद्या.

मंगल


कराड, एसटी स्टँड
रविवार, २३ फेब्रुवारी

सपने,

आत्ता तुझ्या दारातनं आले. शिवतेजला आईकडं ठिवून आले, त्याचा बाप मेंढरांवरनं घरी आलाय. मला घरात घेतलं न्हाई. मी पण घे म्हणाले न्हाई, फाटकाच्या भाईरच उभी राहिले. तुझ्या सासूबाई म्हणाल्या, "स्वप्नालीला लहानपणीच येऊन गेल्यात, तिनं डॉक्टरांना पण तसंच सांगितलंय. तिचं बीपी वाढलंय, तिला त्रास देऊ नका." मी विचारलं, माझं पाकीट दिलं का तिला? "दिलं," म्हणाल्या. तोंडावरनं तर वाटलं न्हाई.

वरच्या खिडकीत तू होतीस. मी हात केला. पडदा ओढला गेला. तूच ओढलास, का मागनं कुणी ओढला? मी तुझी बहीण हाय, मला ठाऊक हाय तू रागावलीस की तोंड फिरवून बसतीस, पण पडदा ओढत न्हाईस. तुझ्या सासूबाई लय पोचलेल्या बाई हायत, एवढंच म्हणते.

आता ऐक, हे नवीन हाय. काल आईला मी धरून बसले. म्हणलं, शपथ घे, सपनीच्या अंगावर फोड तू तुझ्या डोळ्यांनी बघितलेस का? आधी चिडली. मग म्हणाली, "अगं, बाई घरात आल्या म्हंजी दोघींना आल्या. त्यात येगळं काय बगायचं?" मी परत विचारलं, बघितलेस का? तर पदरानं डोळं पुसाय लागली. म्हणाली, "दोघींच्या नावानं पाणी घातलंय मी. एकीचं घालून दुसरीला कशी सोडू?"

कळतंय का तुला? तिनं पाणी दोघींचं घातलं म्हणून आपण इतकी वर्षं दोघींना आल्या म्हणतोय. तिनं बघितलेलंच न्हाई. आणि तू त्याच भरवशावर डॉक्टरांना सांगून मोकळी झालीस.

लहानपणी तू आबांसंगं मेंढरांमागं असायचीस, त्या साली तू नक्की कुठं होतीस, ते एक आबाच सांगतील. त्यांची मेंढरं हितंच, कराडच्या अलीकडं एका तोडलेल्या उसाच्या रानात बसलीत. फोनवर तुझं नाव काढलं की ते फोन ठेवतात. मी तिकडंच चाललेय. पण आबांची वाट बघू नकोस, तू आधी रक्त दे. सुई टोचून घ्यायला काय जातंय? माझ्यावरचा राग रक्तात निघत न्हाई, भिऊ नकोस.

हे पत्र परत येऊन तुझ्याच दारात देते, मग आबांकडची गाडी धरते.

मंगल


कराडजवळ, आबांच्या मेंढरांपाशी
मंगळवार, २५ फेब्रुवारी

सपने,

दोन दिवस झाले हितं हाय. परवा आबा तुझं नाव ऐकून कोकरांत जाऊन बसले. काल पण तेच. आज सकाळी मी त्यांच्या हातातली काठी काढून घेतली. म्हणलं, आबा, तुमची लेक मरायला लागली तर तुमी असंच कोकरं मोजत बसणार का? मारतील असं वाटलं. मारलं न्हाई. बांधावर बसले आणि म्हणाले, "काय झालंय, नीट सांग."

मी सगळं सांगितलं. ते काय म्हणाले ते त्यांच्याच बोलीत लिवते, मधी माझं काही घालत न्हाई. "लिव" म्हणाले म्हणून लिवतेय:

"सपने, तू माझ्याजवळ हुतीस. तुझ्या आईला दोन पोरी एकटीला आवरंनात, म्हनून दिवाळीनंतर तुला मी मेंढरांसंगं आनली. घोड्यावर दोन कोकरांच्या मधी बशिवली हुती. तू माझ्याच ताटात जेवायचीस. घरला आलो तवा मंगलीच्या खपल्या पडल्या हुत्या. तुझी आई म्हनली, पानी घालायचं ऱ्हायलंय, हिला बी बशिव. मी बशिवली. तुझ्या अंगावर एक फोड न्हवता. पुढं बी कवा आला न्हाई. मी बाप हाय, मला ठावं हाय. मंगली खोटं बोलत न्हाई. उद्या सकाळी मी तुझं नाव घातलंय त्या दवाखान्याच्या फाटकापाशी उभा ऱ्हातो. तुझ्या घरात यायचो न्हाई, पर दवाखान्यात तुझ्यासंगं येतो. तू फकस्त ये."

एवढं सांगून झालं. मग म्हणाले, "वाचून दाव." वाचून दाखवलं. "आनि लिव, जेवून ये म्हनावं, रक्ताला उपाशी लागतंय का काय ते इचार." मी म्हणलं, आबा, ते डॉक्टर सांगतील.

उद्याचा दिवस शेवटचा. उद्यानंतर ते इंजेक्शन चालत न्हाई. मी हे घेऊन आत्ता निघालेच. तुझ्या सासूबाईंना पण तोंडानं सांगणार हाय. आता आबा सांगतायत, आता तरी ऐक.

मंगल


कवठे महांकाळ
सोमवार, ३ मार्च

सपने,

तू आली न्हाईस.

आबा सकाळी सातला जाऊन उभे राहिले. डोक्याला धुतलेलं मुंडासं, पायात नव्या वहाणा. तो वॉचमन त्यांना दोनदा म्हणाला, आत सावलीत बसा. न्हाई बसले. "ती रस्त्यावरनं बगंल, मी दिसायला पायजे," म्हणाले. संध्याकाळी मी त्यांना हाताला धरून आणलं. वाटेत एकच विचारत होते, "पत्र वाचलं असंल का तिनं?"

तुझ्या सासूबाईंना फाटकातनं ओरडून सांगितलं होतं, झाल्या न्हाईत हो तिला! तर त्या म्हणाल्या, "तुमच्या आईंचा फोन आला होता, झाल्यात म्हणाल्या. आई म्हणते झाल्या, बहीण म्हणते नाही. आधी तुमचं घरात काय ते ठरवा." आईनं फोन केला होता! "मंगलीचं डोकं फिरलंय, तिचं ऐकू नका, पोरीसमोर ते नाव काढू नका." घरी येऊन मी आईशी काय भांडले ते सांगत न्हाई. ती चुलीपाशी बसून म्हणती, मी वाईट केलं का, मी तर सपनीला जपत होते. आता तिच्यावर ओरडून तरी काय उपयोग?

मी तुझ्याकडं परत यायला हवं होतं. आले न्हाई, कारण शिवतेज. फोड सुकले, खपल्या पडल्या, मी म्हणलं सुटलो. शनिवारी सकाळी खाटेवरनं उतरला आणि दारुड्यासारखा झोकांड्या खायला लागला. वाटी धरायला जातो, हात भलतीकडंच जातो. मी किंचाळलेच. डॉक्टरीणबाईंनी तपासलं, ॲडमिट करून घेतलं. म्हणाल्या, कांजिण्यांनंतर क्वचित होतं असं, मेंदूचा तोल सांभाळणारा भाग असतो त्याला सूज येते. बहुतेक मुलं काही आठवड्यांत पूर्ण बरी होतात. बहुतेक. हा शब्द आता मला सोसत न्हाई. आज घरी सोडलं. उंबऱ्यावर पडला, परत उठला, हसला. त्याला वाटतंय खेळ हाय.

तुझ्या बाबतीत आता काय, ते पण मी त्यांना विचारलं. इंजेक्शनची वेळ गेली. पण झालेला संपर्क लागायलाच पाहिजे असं न्हाई, लागला तर तीन आठवड्यांपर्यंत कवा पण उठतात. आज उठलं नसंल तरी उद्या उठू शकतं. एक फोड दिसला, एकच, तरी त्याच दिवशी डॉक्टरांकडं जा. त्याच्यावर औषध हाय, पण पहिल्याच दिवशी चालू करावं लागतं. खोकला आला, जिना चढताना दम लागला तर घरी थांबू नकोस. डॉक्टरांना म्हणावं, मला आधी झालेल्या न्हाईत. हे एक वाक्य बोल. माझं नाव घेऊ नकोस, आमी मेलो म्हण, पण हे वाक्य बोल.

मी तुझ्या पाया पडते, सपने. थोरली असून पडते.

मंगल


कराड, दवाखाना
रविवार, ९ मार्च

सपने,

मास्कमुळं तुला बोलता येत न्हाई, आणि मी बोलले तर त्या मशीनच्या आवाजात तुला ऐकू येत न्हाई. म्हणून हे लिवून तुझ्या डोळ्यांपुढं धरतेय. दमशील तवा डोळे मीट, मी थांबते.

मी आत कशी, तर नर्सनं दारात विचारलं, "कांजिण्या होऊन गेलेलं कोण आहे? त्यांनाच सोडणार." तुझ्या सासूबाईंना झालेल्या न्हाईत. अमृतराव गाडीत बसलेत, उद्या पोचतील, त्यांना पण झालेल्या न्हाईत. मी कपाळ दाखवलं. नर्स हसली, म्हणाली, नुसतं सांगितलं तरी चाललं असतं.

तुला काल काय काय कळलं ठाऊक न्हाई, म्हणून पहिल्यापासून सांगते. बुधवारी तुझ्या गळ्यावर फोड उठले. तू ते घामोळं समजलीस. शुक्रवारी दम लागला तवा सासूबाईंनी तुला हितं आणली. छातीच्या फोटोत दोन्हीकडं पांढरं दिसलं. काल तुझ्या पोटात दुखायला लागलं आणि संध्याकाळी तू बाळंत झालीस. मुलगी हाय. तुझ्यासारखं कपाळ, नाक अमृतरावांचं. वेळेच्या आधी आली म्हणून लहान हाय, पण रडली. तिला ते इंजेक्शन लगेच दिलं, जे तुला मिळालं न्हाई. बाळंतपणाच्या आधी चार-पाच दिवसांत आईला उठल्या की बाळाला आईकडनं रोग मिळतो, त्याच्याशी लढायची ताकद मिळत न्हाई, असं डॉक्टर म्हणाले. म्हणून तिला येगळ्या खोलीत ठिवलंय. अजून तिच्या अंगावर काही न्हाई. डॉक्टर म्हणतात, वाट बघायची. तुझ्याबद्दल विचारलं तर म्हणाले, "आजचा आणि उद्याचा दिवस."

आई घरी शिवतेजपाशी हाय. तो आता भिंत धरून चालतो. आईनं देवापुढं पाणी ठिवलंय आणि फोनवर नुसती रडती.

आबा भाईर हायत. त्यांना पण लहानपणी येऊन गेल्यात, त्यांना आत सोडतात, पण ते येत न्हाईत. म्हणतात, "मला बगून तिला राग आला तर दम वाढंल." दाराशी बसलेत. येईल त्या नर्सला विचारतात, माझी लेक कशी हाय. आणि मला परत परत तेच, "माझं पत्र वाचलं हुतं का तिनं?" मी काय सांगू? मी सांगितलं, तुमचं पत्र तिच्यापर्यंत पोचलंच न्हाई, तिच्या सासूनं दडवलं. मघाशी सासूबाई कॅन्टीनमधनं चहा घेऊन आल्या, आबांना द्यायला. मी तो कप त्यांच्या हातातनं उडवला. म्हणलं, चार पाकिटं दडवून माझ्या बहिणीला मारलंत, आता चहा पाजताय का? त्या खाली बसून फरशी पुसाय लागल्या. पुसू देत. मी त्यांना सोडणार न्हाई, सपने. तू बरी झाल्यावर पण सोडणार न्हाई.

तू बरी हो. माझ्याशी जन्मभर बोलू नकोस, चालंल. मला दारात उभी करू नकोस, चालंल. फक्त श्वास घे. आत घे, भाईर सोड, परत घे. लेकीचं तोंड तू अजून बघितलेलं न्हाईस, तेवढं तरी बघायला पाहिजेस का न्हाई?

तू हाताची बोटं हलवतीयास. पेन मागतीयास का? घे. कागद मी धरते.

मंगल


(त्याच कागदाच्या पाठीमागं, वाकड्या अक्षरात)

आक्का

सासूबाईंना बोलू नकोस. चारही पत्रं त्यांनी माझ्या हातात दिली. तिसऱ्या वेळी म्हणाल्या पण, वाच गं, तुझे वडील सांगतायत. मीच फोडली नाहीत. पडदा मीच ओढला. तुझं अक्षर बघितलं की "तू मेलीस" हे शब्द ऐकू यायचे. गादीखाली ठेवली होती. शुक्रवारी दवाखान्यात येताना पर्समध्ये घेतली. गाडीत वाचली. सगळी.

आबांना आत बोलव. राग नाही म्हणावं.

ते विचारतील वाचलं का म्हणून. वाचलं म्हण. कधी वाचलं ते सांगू नकोस.